घाटातल्या बाया का हसल्या

खोली पाहायला गेले तेव्हा काकाजींनी मला आडनाव विचारलं नाही. मांसमच्छी खाता का, लग्न कधी करणार, संध्याकाळी किती वाजेपर्यंत घरी येता, यातलंही काही विचारलं नाही. तोवर अमरावतीत मी पुष्कळ घरमालकांच्या दारात उभी राहिले होते आणि ही प्रश्नपत्रिका मला पाठ झाली होती. काकाजी ओट्यावर बसून संत्र सोलत होते. सालीची अखंड पट्टी निघाली, ती त्यांनी गुडघ्यावर ठेवली, आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"घरी कोनती बोलता?"

"मराठी."

"ते तं मी बी बोलतो. घरी म्हनतो मी, सैपाकघरात. आजी शिव्या देते तं कोनत्या भाषेत देते?"

"कच्छी."

काकाजी उठून उभे राहिले. पट्टी खाली पडली. "म्हंजे गुजराती नाही ना?"

"नाही. कच्छी वेगळी असते."

"मले सांगून राहिली का! गुजराती हाये माझ्यापाशी. कच्छी नवती." आणि आत तोंड करून ते ओरडले, "अवं, कच्छी आली! चहा टाक!"

राजापेठेच्या मागच्या गल्लीतली ती खोली मला अशी मिळाली. मी अकोल्याची. आजोबा सरकीच्या धंद्यापायी कच्छमधून अकोल्याला आले आणि तिथलेच झाले. घरात कच्छी, रस्त्यावर वऱ्हाडी आणि शाळेत पुस्तकी मराठी, अशा तिन्ही ठिकाणी मी वाढले. त्यातली घरातली भाषा कोणाच्या कधी कामी येईल असं मला वाटलं नव्हतं. बँकेतल्या नोकरीनं मला अमरावतीला नेलं आणि काकाजींनी मला कच्छी करून टाकलं. त्या घरात कोणाला नाव नव्हतंच. बडनेऱ्याच्या रेल्वेत नोकरीला असलेलं वरच्या मजल्यावरचं जोडपं तेलुगू, दवाखान्यातली सिस्टर मल्याळम, आणि मी कच्छी. "ए मल्याळम, नळ बंद कर, टाकी रिकामी होऊन राहिली!" असा पुकारा सकाळी अंगणातून झाला की सिस्टर ब्रश तोंडात धरून धावायची. तिला याचं काही वाटत नसे. मला सुरुवातीला वाटायचं. मग एकदा बँकेत कोणीतरी मला नावानं हाक मारली आणि माझं क्षणभर लक्षच गेलं नाही, तेव्हा म्हटलं, आपण पुरते काकाजींच्या घरचे झालो.

काकाजी संत्र्याचे व्यापारी. आंबिया असो की मृग, बहार झाडावर असतानाच बगिचा विकत घ्यायचा, मग तोडणी, मग पेट्या भरून दिल्ली-कलकत्त्याला ट्रक. साठी उलटल्यावर धंदा पुतण्याकडे देऊन ते मोकळे झाले. पण दूर माल पाठवायची सवय सुटली नाही. पाठवायला संत्री उरली नाहीत, म्हणून त्यांनी एक गोष्ट लिहिली आणि ती पाठवायला घेतली.

त्यांचा एक प्रश्न होता. घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला त्याचं उत्तर द्यावं लागे. सिलिंडरवाला असो, मीटर पाहणारा असो, लग्नाची पत्रिका घेऊन आलेला सोयरा असो, पाण्याचा पेला हातात पडायच्या आधी प्रश्न पडायचा.

"सांगा, जगात सगळ्यात जास्ती भाषांत कोनता लेखक गेला?"

लोक बिचारे शाळेत पाठ केलेली नावं सांगायचे. कोणी संतांची, कोणी महाकाव्यं लिहिणाऱ्यांची. काकाजी मान हलवत ऐकायचे. "देवाधर्माचं पुस्तक धरायचं नाही. ते लोक डोक्यावर घेऊन फुकट पोचवतात. सोताच्या पायानं गेलेला सांगा." मग स्वतःच सांगायचे. कधीतरी पेपरच्या पुरवणीत त्यांनी वाचलं होतं आणि ते त्यांच्या मनात कायमचं बसलं होतं. लेखकांची नावं मात्र ते घेत नसत. लेखकांनाही त्यांनी भाडेकरूंसारखंच मालावरून ओळखायचं ठरवलं होतं. खूनवाली बाई सगळ्यांच्या पुढे. तिच्या मागे पाणबुडीवाला. नाटकवाला त्याच्याही मागे. "अन् पोट्ट्यायच्या गोष्टीवाले, ते तं कुठी बी पोचतात."

"आणि आपले?" मी एकदा विचारलं. मला राग आला होता.

"आपले गोड हायेत," काकाजी शांतपणे म्हणाले. "पन गोड वेगळं अन् दूर जानारं वेगळं. झाडावर पिकलेलं, सैल सालीचं संत्र खाऊन पाय, सोर्ग हाये. पन ते नागपूरच्या पुढे जात नाही, रस होते त्याचा. कलकत्त्याले पाठवाचं तं कवळी साल पाहिजे, म्हंजे गराले चिकटलेली, आतून घट्ट पाहिजे. खूनवालीचं काय हाये? मेला कोन, मारलं कोनं. हे पेटीत दबत नाही. कोनत्या बी गावात उघडा, आकार कायम."

साहित्यावर एवढं ठाम बोलणारा माणूस मी कॉलेजातही पाहिला नव्हता. तेही आयुष्यात एकच गोष्ट लिहिलेला माणूस. ती दीड पानांची होती. दुसरी का लिहीत नाही असं विचारलं तर उलट विचारायचे, "एका बगिच्याचा माल अजून पोचला नाही, तं दुसरा कायले तोडू?"

भाषा मिळवायला ते बडनेऱ्याला जात. आठवड्यातून एकदा तरी सिटीबसनं जायचं, प्लॅटफॉर्म तिकीट काढायचं आणि पंख्याखालच्या बाकावर बसून कान टवकारायचे. गाड्या लांबून यायच्या, लोक पाणी भरायला उतरायचे, भांडायचे, लेकरांना हाका मारायचे. अनोळखी बोली कानावर पडली की काकाजी उठून सरळ त्या माणसापुढे जायचे. "कौनसी भाषा, भाईसाब? अमरावती में रहना है क्या?" एकदा रेल्वे पोलिसाला संशय आला. बायका-पोरांचं बोलणं चोरून ऐकणारा हा म्हातारा कोण, म्हणून त्यानं त्यांना ऑफिसात नेऊन बसवलं. काकाजी संध्याकाळी परतले ते खुशीत. पोलीस बिहारचा निघाला होता आणि घरी मैथिली बोलत होता. पुढच्या रविवारी तो पोलीस आमच्या अंगणात बसून दीड पानांची गोष्ट मैथिलीत उतरवत होता आणि काकू त्याला भजी वाढत होत्या.

काकूंबद्दल अजून काही सांगितलं नाही, कारण त्या घरात पुष्कळ दिवस मलाही त्या नीट दिसल्या नव्हत्या. चहा यायचा, भजी यायची, कप परत जायचे. त्यांचे वडील जंगल खात्यात, मेळघाटात नोकरीला होते आणि काकूंचं लहानपण तिकडच्या कोरकू मुलींबरोबर गेलं, एवढं मला माहीत होतं. कमी बोलायच्या. पण काकाजींचं व्याख्यान रंगात आलं की त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलायचं. मला ते कौतुक वाटायचं.

आता गोष्ट. ती काकाजींवरच बेतलेली होती, लग्नाच्या पहिल्या वर्षातली. परतवाड्याहून संत्र्यांचा ट्रक मेळघाटातून खंडव्याकडे निघालेला आहे. ट्रकमध्ये ड्रायव्हर, तरुण व्यापारी आणि माहेरी निघालेली त्याची नवी बायको. घाटातल्या वळणावर ट्रक घसरून रस्त्याकडेच्या खड्ड्यात कलतो. ड्रायव्हर मदत आणायला पायी निघून जातो तो दुसऱ्या दिवशीपर्यंत येत नाही. ऊन तापतं, पेट्यांतून वास यायला लागतो. बायको भेदरून केबिनमध्ये रडत बसते. व्यापारी मात्र मनाचा निश्चय करून उठतो, पेट्या फोडतो आणि जवळच्या कोरकू गावातल्या लोकांना बोलावून संत्री वाटू लागतो. एक म्हातारी पुढे येऊन तिच्या भाषेत म्हणते, 'सेठ, तुमचं मन मोठं आहे.' बाया खळखळून हसतात. मग गावातले लोक बैलजोड्या आणि दोर आणतात, ट्रक वर ओढतात, आणि अर्धा माल वाचतो. वाटल्यानं वाचतं, हे त्या व्यापाऱ्याला कळतं.

वाईट नव्हती. काकाजींच्या भाषेत, साल कवळी होती.

भाषांतराला त्यांनी एक परीक्षा लावली होती, तिला ते उलट तपासणी म्हणत. भाषांतर झालं की त्या भाषेचा दुसरा माणूस शोधायचा. त्यानं गोष्ट आधी ऐकलेली नको आणि तो काकाजींच्या घरातलाही नको. सगळ्यांसमोर अंगणात त्याला भाषांतर वाचून दाखवायचं आणि त्यानं लगेच जी समजली ती गोष्ट हिंदीत किंवा मराठीत परत सांगायची. जशीच्या तशी आली तर भाषा पास. पंजाबीत एकदा व्यापारी आणि ड्रायव्हर यांच्यात मारामारी घुसली. भाषांतर करणारा हॉटेलवाला म्हणाला, त्याशिवाय मजा येत नव्हती. काकाजींनी त्याला तोंडावर नापास केलं आणि दुसऱ्यांदा लिहून घेतलं.

माझी कच्छी मला वाटली होती तितकी पक्की नव्हती. घाट, कलणं, दोर असले शब्द आमच्या घरात कधी लागलेच नव्हते. रोज बाबांना अकोल्याला फोन करायचे. ते दुकानात गिऱ्हाईक थांबवून शब्द आठवायचे, आणि आजीला विचारून सांगतो म्हणायचे. आम्ही दोघं इतकं बोललो नव्हतो कधी. सगळं झाल्यावर मी त्यांना फोनवर वाचून दाखवलं. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "छान आहे. पण त्या बाया का हसल्या?"

"संत्री मिळाली म्हणून."

"संत्री मिळाल्यावर माणूस खातो," बाबा म्हणाले. "खळखळून कशाला हसेल?"

मी काकाजींना विचारलं. ते एकदम चिडले. "हसल्या म्हंजे हसल्या! मी सोता पाहेलं हाये. पोट धरून हसल्या. ते हसू गोष्टीत आलंच पाहिजे." मग मी ते हसू तसंच ठेवलं. कापडाच्या दुकानातले एक कच्छी शेठ तपासणीला आले, त्यांनी गोष्ट बरोबर परत सांगितली, हसणाऱ्या बायांपाशी जरा अडखळले, पण पास झाले. काकाजींनी मला टोपलीतलं सगळ्यात मोठं संत्र दिलं.

त्यांना खरी ओढ होती ती कोरकूची. गोष्ट जिथे घडली तिथल्याच भाषेत ती नव्हती, हे त्यांना सलत होतं. भाषांतर झालं की घाटातल्या त्या गावी जायचं आणि तिथल्या लोकांना ती वाचून दाखवायची, हे त्यांचं ठरलेलं होतं. "खूनवाली जग फिरली, पन जिथला मुर्दा तिथं जाऊन तिनं गोष्ट वाचली का? मी वाचनार." परतवाड्याच्या स्टँडवर ते जीपवाल्यांना विचारत फिरले. कोरकू मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकाशी उभे राहिले, तर तिथल्या बाईंनी त्यांना हाकलून दिलं. शेवटी आमच्या मल्याळम सिस्टरच्या दवाखान्यात मेळघाटातली एक कोरकू मुलगी नर्स म्हणून लागली आणि खोली शोधत आमच्याच दारात आली. त्या दिवशी काकाजींनी सिलिंडरवाल्यालाही पेढा दिला.

मुलगी हुशार आणि धीट होती. तिनं सगळी गोष्ट पटकन कोरकूत उतरवली. एका ठिकाणी थांबून तिनं विचारलं, "काकाजी, या बाया कायले हसून राहिल्या?" काकाजी म्हणाले, "तू लिही फक्त."

तपासणीला तिचा मामा येणार होता. तो परतवाड्याहून प्रवासी जीप चालवायचा. त्या रविवारी अंगणात सगळे जमले. तेलुगू जोडपं, सिस्टर, मी, शेजारचे दोन-तीन जण. काकाजी इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. तपासणी झाली की गुरुवारी घाटात जायचं ठरलं होतं, गावात निरोपही गेला होता. चहा झाला, दुसरा झाला, आणि मामाचा फोन आला. जीप वाटेत बंद पडली होती. तो काही आज येत नव्हता.

काकाजींचा चेहरा उतरला. तेवढ्यात काकू कप गोळा करता करता थांबल्या.

"मी सांगू का?"

"तू?" काकाजी म्हणाले. "तू घरची. अन् तुले गोष्ट माहीत हाये."

"कानावर पडली असन. मले बसवून कोनी वाचून दाखवली?"

 इतक्या भाषांत गेलेली ती गोष्ट काकूंना कधी कोणी वाचून दाखवली नव्हती, हे आमच्या सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. काकाजींच्याही आलं असावं, कारण ते बाकावर सरकले आणि शेजारी जागा केली. "बस. तुले कोरकू येते हे मी इसरलोच होतो. वाच वं, पोट्टी."

मुलीनं वाचलं. काकू हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून ऐकत होत्या. वाचन संपलं तसे त्यांनी डोळे उघडले आणि सांगायला सुरुवात केली.

"एक ट्रक होता. संत्र्याचा. घाटात खड्ड्यात गेला. ड्रायव्हर निघून गेला मदत आनाले. मंग तो व्यापारी चाकापाशी बसला अन् रडाले लागला."

"बायको," काकाजी म्हणाले. "बायको रडाले लागली."

"मधात बोलायचं नाही, तुमचाच नियम हाये ना?" काकू त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या. "तो रडाले लागला. हमसून हमसून. नवाच धंदा होता, पहिलाच ट्रक. त्याच्या बायकोनं पाहेलं, माल तं नासूनच राहिला. खालून गावातली लेकरं आली होती, ते पेट्यांकडे पाहून राहिली होती. तं तिनं एक पेटी फोडली. व्यापारी ओरडला, हात लावू नको मालाले. तिनं दुसरी फोडली. मंग बाया आल्या. त्यातली एक म्हातारी होती, तिनं मले विचारलं..." काकू थांबल्या. 'तिले' म्हणायचं ते 'मले' झालं होतं, पण त्यांनी ते दुरुस्त केलं नाही. "मले विचारलं, हा रडनारा तुझा कोन? मी म्हनलं, नवरा. तं ते म्हने, असा काहून? मी म्हनलं, नवा हाये. शिकन."

 मग कोरकू मुलीच्या नाकातून फस्सकन आवाज आला. तिनं तोंडावर ओढणी धरली, पण उपयोग नव्हता. मग सिस्टर, मग तेलुगू बाई. मीही. आवरतच नव्हतं. आणि हसता हसताच माझ्या लक्षात आलं की हे तेच हसू आहे. काकाजींना कोरकू येत नव्हती. चाकापाशी बसून, ओल्या डोळ्यांनी, त्यांनी फक्त बाया पोट धरून हसताना पाहिल्या होत्या, आणि इतकी वर्षं ते हसू कौतुकाचं समजून पेटीत भरून सगळीकडे पाठवलं होतं.

"मंग त्याईनं बैलं आनले," काकू म्हणाल्या. "झाली गोष्ट."

काकाजी उठले. "हे तिनं वाचलं नाही."

"नाही वाचलं. पोट्टीचं कोरकू बरोबर हाये, तिले नापास करू नका. तुमचंच मराठी चुकलं."

आणि उरलेले कप उचलून त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना मोरीपाशी गाठलं. इतकी वर्षं का बोलला नाहीत, असं विचारलं. त्या भांडी विसळत म्हणाल्या, "चारचौघांत नवऱ्याचं हसं कराले मी काय पागल हाये? तेलुगूत सांगा, पंजाबीत सांगा, माह्या बापाचं काय जाते. पन हे गुरुवारी तिथं जाऊन वाचनार होते. त्या लोकांनी सोता पाहेलं हाये, बाई. म्हातारी नसन, तिची सून तं असन. त्याईच्याच भाषेत त्याईले खोटं वाचून दाखवाचं? ते मले नाही पाहेवलं."

मला काकूंचा अभिमान वाटला आणि काकाजींचं वाईटही वाटलं. ते दोन-तीन दिवस ओट्यावर आलेच नाहीत. सिलिंडरवाला आला, तर त्याला कोणी प्रश्न विचारला नाही. तो बावचळून स्वतःच म्हणाला, "काकाजी, खूनवाली ना?" आतून उत्तर आलं नाही. बुधवारी ते बडनेऱ्याला गेले, आणि तिथे म्हणे बाकावर नुसते बसून राहिले. मल्याळमनं पाहिलं. केरळची गाडी समोर उभी होती आणि ते मान वर करत नव्हते. इतक्या भाषा त्यांनी एकेक करून गोळा केल्या होत्या. काकूंचं खरं धरलं तर सगळ्या रद्द. खोटं धरलं तर कोरकू कायमची हातची गेली आणि काकूही. यातलं काय धरायचं ते त्यांना ठरवायचं होतं, गुरुवारच्या आत.

त्या संध्याकाळी ते माझ्या दाराशी आले. उभ्याउभ्याच म्हणाले, "कच्छी, तुझ्या बापानं काय विचारलं होतं?"

"बाया का हसल्या."

"तेलुगूनं बी हेच विचारलं. पोलिसानं बी. पंजाब्यानं तं म्हनूनच मारामारी टाकली असन. सगळ्यांनी विचारलं, अन् मी म्हनत होतो, याईले भाषा येत नाही." त्यांनी चौकटीला हात टेकला. "धंद्यात एक हाये. नासका माल गेला हे समजलं, तं पेटी कलकत्त्याहून बी परत बोलवा लागते. नाही तं नाव जाते."

"म्हणजे?"

"म्हंजे सगळं परत. पहिल्यापासून."

त्याच संध्याकाळी अंगणात नवी गोष्ट लिहायला बसले. काकू सांगत होत्या, काकाजी लिहीत होते, आणि त्यांची घासाघीस बगिच्याच्या सौद्यासारखी चालली होती. "रडला, हे ठीक हाये. पन 'हमसून हमसून' कायले पाहिजे?" "होतं म्हनून." "'थोडा' टाकतो." "थोडा नाही." "बरं, एकदाच हमसून." "दोनदा लिहा." काकाजींनी दोनदा लिहिलं. वर लेखकाच्या जागी स्वतःचं नाव होतं ते खोडलं आणि काकूंचं घातलं. काकू म्हणाल्या, हे कायले? काकाजींनी कपाळाला आठ्या घातल्या. "लेखक तू. मी फक्त माल पाठवनार. मले तेच येते."

गुरुवारी दोघं त्या मुलीबरोबर परतवाड्यावरून घाटात गेले. परतल्यावर काकाजींनी मला सांगितलं की म्हातारी खरंच नव्हती, पण तिची सून होती, आणि त्या सुनेला तो ट्रक आठवत होता. काकूंनी गोष्ट सांगितली. वाचली नाही, कोरकूतूनच तोंडी सांगितली. "हसल्या?" मी विचारलं. "हसल्या," ते म्हणाले. "लय हसल्या. अन् माह्याकडे बोट दाखवून विचारलं, शिकला का मंग? ही म्हने, आता कुठी लागला." एवढं बोलून काकाजी गडगडाटी हसले. या वेळी काकूंनी मधेच थांबून तो प्रश्न त्यांना मराठीत सांगितला होता, हे ते मला पुन्हा पुन्हा सांगत होते.

मग फोन सुरू झाले. ओळखीचे सगळे जुने भाडेकरू, बदली होऊन गेलेले, लग्न करून गेलेले, गावी परतलेले, प्रत्येकाला काकाजी फोन करायचे आणि नमस्कार-चमत्कार न करता म्हणायचे, "गोष्ट बदलली हाये. तुमचं परत करा लागते." पोलिसाची बदली दूर कुठे तरी झाली होती, त्याला त्यांनी शोधून काढलं. पंजाबी हॉटेलवाला म्हणाला, मी तेव्हाच सांगत होतो त्यात काहीतरी कमी आहे.

माझी बदली अकोल्याला झाली ती याच सुमारास. मला वाटलं सामान बांधायच्या गडबडीत कच्छीचं राहून जाईल. पण अकोल्याला पोचले त्याच आठवड्यात फोन आला. "कच्छी, तुझंच राहेलं."

मग एका दुपारी दुकान बंद असताना मी बाबांसमोर बसले. आता फोनची गरज नव्हती. पलंगावर आजी पडली होती, तीही कान देऊन होती. मी नवीन गोष्ट वाचायला लागले. ट्रक कलला, ड्रायव्हर गेला, व्यापारी चाकापाशी बसून हमसून हमसून रडला. बाबा चष्मा पुसत होते. बायकोनं पेटी फोडली. म्हातारी आली, तिनं विचारलं, हा रडणारा तुझा कोण?

मी उत्तर वाचलं, आणि पुढचं वाक्य वाचायला तोंड उघडलं, पण ते वाचायची गरज राहिली नाही. बाया हसायच्या आधी बाबा हसले. दोन्ही हात मांडीवर मारून हसले. पलंगावरून आजी खोकत खोकत हसायला लागली आणि आजोबांचं नाव घेऊन काहीतरी पुटपुटली. ते मला नीट कळलं नाही आणि बाबांनी सांगितलं नाही.

मी लगेच काकाजींना फोन लावला.

"काकाजी, बाबा हसले."

"कुठी हसले?"

"जिथे हसायला पाहिजे तिथे. माझं वाचून व्हायच्या आत."

पलीकडे फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं फोन कट झाला. मग काकाजींनी आत तोंड करून मारलेली हाक आली, खोली पाहायला गेले होते त्या दिवसासारखीच, घर दणाणून टाकणारी.

"अवं, कच्छीत बी हसले!"

आणि लांबून, भांड्यांच्या आवाजातून, काकूंचा आवाज.

"हसतीनच. अन् तुमी आता कायले रडून राहिले?"